फिर्यादी नसलेली रहस्यकथा

ठाणे / प्रतिनिधी

प्रेत सापडते, पोलीस येतात, पंचनामा होतो आणि कुणीतरी फिर्याद देते. रहस्यकथेचा हा क्रम मराठी वाचकाच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यातली एखादी पायरी गळाली तरी त्याला चुकल्यासारखे वाटते. समलिंगी प्रेम आणि गुन्हा या दोन गोष्टी ज्या कादंबरीत एकत्र येतात, तिच्यात मात्र शेवटची पायरी बहुधा गळालेलीच असते. लूट होते, धमक्या येतात, पैसे उकळले जातात, प्रसंगी खूनही होतो; पण फिर्याद द्यायला कुणी पुढे येत नाही. कारण फिर्याद द्यायची तर आधी स्वतःविषयी काही सांगावे लागते, आणि जे सांगायचे ते घरात कुणालाच ठाऊक नसते.

जेरी पिंटो यांची 'मर्डर इन माहिम' ही इंग्रजी कादंबरी वाचून खाली ठेवताना ठाणे-डोंबिवलीच्या वाचकाच्या मनात सर्वात जास्त रेंगाळते ती हीच गोष्ट. कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली. मे २०२४ मध्ये तिच्यावर बेतलेली हिंदी वेब मालिका आली; आशुतोष राणा आणि विजय राज यांच्या भूमिकांमुळे इंग्रजी कादंबरीच्या वाटेला न जाणाऱ्या घरांतही ही कथा पोहोचली. माटुंगा परिसरातल्या रेल्वे स्थानकाच्या स्वच्छतागृहात एका तरुणाचा पोट फाडलेला मृतदेह सापडतो, येथून कथेला सुरुवात होते. तपास इन्स्पेक्टर जेंडे यांच्याकडे असतो. त्यांचा मित्र पीटर डिसूझा हा निवृत्त पत्रकार या तपासात ओढला जातो आणि ज्या शहरात आयुष्य काढले, त्याच शहराचा एक मजला आपण कधी पाहिलाच नव्हता, हे त्याच्या ध्यानात येते.

कादंबरीची वरवरची ओळख एवढीच. तिच्यात रहस्य आहे, पाठलाग आहे, ब्लॅकमेल आहे. मात्र ज्या वाचकाने मराठीतली सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' वाचली आहे, त्याला ही कादंबरी एका वेगळ्या अर्थाने ओळखीची वाटते. या ओळखीला एक साधा धागाही आहे. 'कोबाल्ट ब्लू'चा २०१३ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद पिंटो यांचाच. दया पवार यांच्या 'बलुतं'चे इंग्रजी भाषांतरही त्यांनीच केले आहे. मराठी मध्यमवर्गीय घराच्या भिंतींआड काय चालते, हे अनुवादाच्या निमित्ताने ओळ न् ओळ तपासलेल्या लेखकाने पुढे खुनाची गोष्ट लिहिली, हे ध्यानात घेतले की दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात.

गुन्हा नसलेला तपास

मराठी रहस्यकथेची परंपरा मोठी आहे. बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार, धनंजय, काळापहाड हे नायक घेऊन हजाराहून अधिक कथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांनी तोच वेग पुढे चालवला. सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणी यांना पुढच्या पिढीच्या हातात दिले. उपनगरी गाडीतून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या कल्याण-डोंबिवलीच्या पिढ्यांनी ही पुस्तके फिरत्या वाचनालयांतून आणून उभ्याउभ्या वाचली. या हजारो पानांत इस्टेटीसाठी खून आहेत, हिऱ्यांच्या चोऱ्या आहेत, वेषांतरे आहेत, देखण्या खलनायिका आहेत. पुरुषाचे पुरुषावर किंवा स्त्रीचे स्त्रीवर प्रेम असलेला नायक वा नायिका मात्र त्यांत शोधूनही सापडणे कठीण.

याचे कारण केवळ लेखकांच्या संकोचात शोधून चालणार नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. स्त्री-पुरुष संबंधांवरच्या त्या कथेला निर्दोष ठरवून घेण्यासाठी लेखकाला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि निकाल लागायला १९६९ साल उजाडले. लोकप्रिय कथेच्या बाजारात वावरणाऱ्या लेखकाने त्याहून अवघड विषयाला हात घालावा, अशी ती हवाच नव्हती. जे झाले ते रंगभूमीवर झाले. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यातली मित्रा उभी केली. मराठी नाटकाच्या प्रेक्षकाने त्या काळात हे नाटक पाहिले, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र मित्राच्या वाट्याला शेवटी मृत्यूच आला.

'कोबाल्ट ब्लू' मौज प्रकाशनाने २००६ साली प्रसिद्ध केली. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' ही कादंबरीही त्याच काळातली, व. पु. काळे यांच्या प्रसिद्ध कादंबरीचेच नाव घेऊन आलेली, पण अगदी निराळ्या जोडीदाराविषयी बोलणारी. 'कोबाल्ट ब्लू'त खून नाही, पोलीस नाहीत, न्यायालयही नाही. पुण्यातल्या एका मराठी कुटुंबाने वरची खोली भाड्याने दिली आहे. तेथे राहायला आलेल्या तरुणावर घरातला मुलगा तनय प्रेम करतो आणि मुलगी अनुजाही. एक दिवस तो तरुण निघून जातो. त्याचे नावदेखील वाचकाला कळत नाही. कादंबरीचा पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा.

रहस्यकथेची सवय असलेला वाचक ही कादंबरी वाचू लागला की त्याला तिची मांडणी चटकन ओळखू येते. एक माणूस बेपत्ता आहे. दोन साक्षीदारांचे दोन स्वतंत्र जबाब आहेत. एकाच खोलीचे, त्याच वस्तूंचे, त्याच संध्याकाळींचे वर्णन दोघे करतात, आणि दोन्ही जबाब एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. तपास अधिकारी तेवढा नाही. ते काम वाचकाने करायचे आहे. सगळ्यात बोलकी आहे ती दोन साक्षीदारांच्या परिस्थितीतली तफावत. अनुजाचे दुःख घराला दिसते. ती त्या तरुणाबरोबर घरातून निघून गेलेली असते, त्यामुळे घर तिच्यावर रागावते, रडते, तिला डॉक्टरकडे नेते, तिच्या लग्नाची काळजी करते. तनयचे दुःख कुणाच्या गावीही नसते. त्याचेही तेच माणूस गेलेले असते. पण त्याने हरवल्याची तक्रार कुणाकडे नोंदवायची? जे आपले होते असे कधी सांगितलेच नाही, ते गेले म्हणून सांगायचे तरी कसे?

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. २००६ साली तनयच्या प्रेमाला कायद्याच्या भाषेत गुन्हाच म्हणत. म्हणजे गुन्हा नसलेली वाटणारी ही कादंबरी तत्कालीन दंड संहितेच्या हिशेबाने गुन्ह्याचीच कथा होती. फरक एवढाच की, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला मुलगा वीस-बावीस वर्षांचा होता आणि त्याला कोणी पकडले नव्हते.

घरातला शोध

'मर्डर इन माहिम'मध्ये गणित उलटे होते. तेथे मृतदेह आहे, पोलीस आहेत, संशयित आहेत. प्रेम मात्र सावलीत आहे. कादंबरीचा खरा ताण तपासाच्या दुसऱ्या धाग्यात आहे. पीटर डिसूझाला आपला मुलगा सुनील समलिंगी असेल काय, अशी शंका येते. पाठोपाठ त्याहून भयंकर शंका येते की, या खुनांशी त्याचा काही संबंध तर नसेल? चांगला वाचलेला, जग पाहिलेला, उदारमतवादी बाप शहरभर खुनी शोधत फिरतो. पण समोर जेवायला बसलेल्या मुलाला एक प्रश्न विचारणे त्याला जमत नाही.

वाचकाला अस्वस्थ करते ते हे. खुनी कोण, हे कळण्याची उत्सुकता पानागणिक कमी होत जाते आणि बाप मुलाशी बोलणार की नाही, याची उत्सुकता वाढत जाते. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग' या नाटकात मुलाचे हे सत्य समजलेली आई एकटीच रंगमंचावर बोलत राहते. पिंटोंच्या कादंबरीत बाप चालत राहतो. दोघांचेही काम एकच : आपल्याच लेकराला नव्याने ओळखणे. फरक असा की, आईजवळ शब्द आहेत. बापाने मात्र आयुष्यभर इतरांना प्रश्न विचारण्याची नोकरी केली आणि घरात तो मुका झाला.

कादंबरी सर्वस्वी निर्दोष आहे, असे नाही. समलिंगी माणूस कथेत आला की तो प्रेत तरी असायचा किंवा संशयित तरी, ही जुनी खोड तिलाही पूर्णपणे टाळता आलेली नाही. स्थानकावरच्या स्वच्छतागृहापासून सुरू होणारी कथा एका समाजगटाची ओळख त्याच्या सर्वात अंधाऱ्या कोपऱ्यापासून करून देते, हा आक्षेपही अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र माणसे त्या कोपऱ्यात का जातात, या प्रश्नाला ती बगल देत नाही. ज्याच्या घरात दार लावून घेता येईल अशी खोली नाही, ज्याला प्रियकराला घरी चहाला बोलावता येत नाही, त्याचे घटनास्थळ सार्वजनिक जागाच असणार.

फिर्यादीच आरोपी

हे सारे कादंबरीकाराच्या कल्पनेतले आहे, असे कुणाला वाटले तर त्याने मराठीच्याच एका प्राध्यापकाची हकिगत आठवावी. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. ते कवीही होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसले आणि त्यांच्या खासगी क्षणांचे चित्रण करण्यात आले. घरात घुसखोरी झाली ती त्यांच्या, अब्रू गेली ती त्यांची. पण विद्यापीठाने निलंबित केले तेही त्यांनाच. त्याआधी काही महिने, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे खासगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते. सिरस यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १ एप्रिल २०१० रोजी त्यांच्या निलंबनाला स्थगिती मिळाली. अवघ्या सहा दिवसांनी, ७ एप्रिलला, ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत आढळले. त्या मृत्यूचे गूढ कधी उलगडले नाही. हंसल मेहता यांचा 'अलीगढ' हा चित्रपट त्यांच्यावरच बेतलेला. मनोज वाजपेयी यांनी त्यात सिरस साकारले.

या प्रकरणात एका रहस्यकथेचे सारे घटक आहेत : बंद खोली, घुसखोर, गूढ मृत्यू. पण शेवटचे प्रकरण नाही. अन्याय झालेल्या माणसालाच आधी आपली बाजू मांडावी लागली आणि ती मांडून झाल्यावर निकालाचा आनंद घ्यायला तो उरला नाही.

याच जातीची एक घटना इंग्लंडमध्ये १९५२ साली घडली. संगणकशास्त्राचा पाया घालणारे गणिती अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. चौकशीत एका तरुणाशी असलेले संबंध त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि चोरीचा फिर्यादी बघता बघता आरोपी झाला. शिक्षा झाली, औषधोपचाराची सक्ती झाली आणि दोन वर्षांनी त्यांचा मृत्यू झाला. ब्रिटनच्या राणीने त्यांना मरणोत्तर माफी दिली ती २४ डिसेंबर २०१३ रोजी. योगायोग असा की, त्याच्या तेराच दिवस आधी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून ३७७ कलम पुन्हा जिवंत केले होते. ब्रिटिशांनी दिलेला कायदा ब्रिटन पुसून टाकत असताना भारत तो जपून ठेवत होता. 'मर्डर इन माहिम' प्रसिद्ध झाली ती या निकालानंतरच्या पाच वर्षांत.

कायद्याला ठाऊक होते

बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. तिच्यानंतर नऊ वर्षांच्या आत, १ जानेवारी १८६२ पासून, भारतीय दंड संहिता अमलात आली. अनोळखी माणसे ज्या गाडीत खांद्याला खांदा लावून उभी राहू लागली ती गाडी आणि त्यांच्यातल्या काहींच्या प्रेमाला गुन्हा ठरवणारा कायदा हे दोन्ही एकाच सुमारास आले. ३७७ कलमात जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच संहितेतली ३८८ आणि ३८९ ही कलमे मात्र फारशी कुणाच्या वाचनात येत नसत.

एखाद्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप करण्याची भीती घालून खंडणी उकळणाऱ्यासाठी ही कलमे होती. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. मात्र ज्या आरोपाची भीती घातली तो ३७७ कलमाचा असेल, तर खंडणीखोराला जन्मठेप होऊ शकेल, अशी खास तरतूद या कलमांत केलेली होती. याचा अर्थ उघड आहे. आपण करत असलेला कायदा ब्लॅकमेल करणाऱ्यांच्या हातातले हत्यार होणार, हे तो करणाऱ्यांना पक्के माहीत होते. त्यांनी हत्यार तयार केले आणि ते वापरणाऱ्यासाठी शिक्षाही तयार करून ठेवली. पण त्या शिक्षेचा लाभ घ्यायला फिर्यादी पोलीस ठाण्यात गेलाच, तर त्याला पहिल्याच वाक्यात स्वतःचा कबुलीजबाब द्यावा लागणार होता. अशी फिर्याद कोण देणार? इंग्लंडमध्ये १८८५ साली झालेल्या अशाच कायद्याला लोक 'ब्लॅकमेल करणाऱ्यांची सनद' म्हणत. तेथे १९६१ साली 'व्हिक्टिम' नावाचा चित्रपट आला. त्यातला बॅरिस्टर आपली कारकीर्द पणाला लावून खंडणीखोरांविरुद्ध उभा राहतो. इंग्लंड-वेल्समध्ये कायदा बदलला तो १९६७ साली.

म्हणूनच समलिंगी प्रेमाची कथा जगभर वारंवार गुन्हेकथेच्या रूपात लिहिली गेली, यात नवल नाही. प्रेमाला गुन्हा ठरवले की प्रेमात पडलेल्यांना गुन्हेगारासारखे वागावे लागते : खोटी नावे, ठरलेल्या खुणा, पुरावे नष्ट करणे, साक्षीदारांपासून लपणे. आणि खरा गुन्हेगार मात्र उजळ माथ्याने वावरतो, कारण त्याच्याविरुद्ध तोंड उघडणारा कुणी नसतो.

कलम गेले, धाक राहिला

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला आणि सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला. न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड हे दोन मराठी न्यायमूर्ती त्या पीठावर होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ कलम नाही आणि खंडणीच्या कलमातला त्याचा खास उल्लेखही नाही. खंडणी हा गुन्हा अर्थातच आहे. नव्या संहितेचे ३०८ कलम त्यासाठीच आहे.

मग 'मर्डर इन माहिम' आता जुनी झाली, असे म्हणायचे काय? तसे म्हणता आले असते तर बरे झाले असते. स्थानकाच्या स्वच्छतागृहाची जागा आता मोबाइल फोनने घेतली आहे. डेटिंग अ‍ॅपवर ओळख वाढवायची, भेटीला बोलवायचे, तेथे दबा धरून बसलेल्या साथीदारांनी मारहाण करायची, चित्रफीत काढायची आणि ती घरच्यांना पाठवण्याची धमकी देऊन पैसे खात्यावर वळते करून घ्यायचे, अशा पद्धतीचे गुन्हे देशातल्या अनेक शहरांत नोंदले गेले आहेत. धमकीचे शब्द तेवढे बदलले. पूर्वी 'पोलिसांना सांगेन' अशी धमकी असे. आता 'घरी सांगेन' अशी असते. पहिल्या धमकीतली हवा न्यायालयाने काढून घेतली. दुसरीतली हवा काढून घेणे कोणत्याही न्यायालयाच्या हाती नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. येथल्या वन रूम किचनमध्ये आई-वडील, मुले आणि आजी एकत्र नांदतात. फोन वाजला की चौघांच्या माना वळतात. एकट्या तरुणाला भाड्याने घर द्यायला कितीतरी गृहनिर्माण सोसायट्या नाखूश असतात. दोन तरुणांनी एकत्र राहायचे म्हटले तर प्रश्नांना अंत नसतो. 'मुलगा नोकरीला लागला, आता बघायला सुरुवात करा' हे वाक्य येथे अजून वयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी कानावर पडतेच. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि हा प्रश्न संसदेकडे सोपवला. त्यामुळे घरी सांगायचे ठरवले तरी सांगणाऱ्याजवळ 'नाते' म्हणून दाखवायला कायद्याचा कागद नाही. कल्याणच्या खाडीपुलावरून रोज हजारो माणसे गाडीने ये-जा करतात. त्यांतल्या कितीतरी तनयांनी वरच्या खोलीची गोष्ट कुणाला सांगितलेली नसेल.

अशा घरातल्या एखाद्या मुलाला धमकी आली, तर कायद्याने त्याच्यासाठी काही दारे उघडी ठेवली आहेत, हे नमूद करायला हवे. गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमाने तसे स्पष्टच केले आहे. म्हणजे डोंबिवलीच्या मुलाला आपल्याच गल्लीतल्या ओळखीच्या हवालदारासमोर उभे राहण्याची गरज नाही. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवता येते. आणि मुख्य म्हणजे फिर्यादीला आता स्वतःच्या अटकेची भीती बाळगण्याचे कारण नाही; ट्युरिंगच्या वाट्याला जे आले ते येथे कायद्याने येऊ शकत नाही. ठाणे अंमलदार कोणत्या स्वरात बोलेल, हा प्रश्न मात्र उरतोच. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी दिलेल्या आदेशात पोलिसांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरला, तो याच कारणाने.

नायक कधी येणार?

परदेशात या साहित्यप्रकाराने बराच पल्ला गाठला आहे. पॅट्रिशिया हायस्मिथ या रहस्यकथा लेखिकेने १९५२ साली दोन स्त्रियांच्या प्रेमाची 'द प्राइस ऑफ सॉल्ट' ही कादंबरी लिहिली, पण टोपणनावाने. त्यातही एक गुप्तहेर आहे. मात्र तो खुन्याच्या मागावर नसून प्रेम करणाऱ्या दोघींच्या मागावर आहे. तरीही त्या कादंबरीचा शेवट आशेचा आहे आणि त्या काळात तीच नवलाची गोष्ट होती. १९७० साली जोसेफ हॅन्सन यांनी डेव्ह ब्रँडस्टेटर हा विमा कंपनीचा तपासनीस आणला. तो समलिंगी आहे, पण त्याचे रहस्य करून वाचकाला झुलवलेले नाही. पहिल्याच कादंबरीत तो कर्करोगाने गेलेल्या आपल्या जोडीदाराचा शोक करतो आहे आणि शोक आवरून कामाला लागतो. पुढे १९९१ पर्यंत त्याच्यावर एकूण बारा कादंबऱ्या आल्या. आज इंग्रजीत अशा कथांची मोठी शाखाच उभी आहे. तीत खुनाचा उलगडाही होतो आणि प्रेमिकांची भेटही.

गंभीर साहित्याच्या वाचकाला असा गोड शेवट उथळ वाटेल. खुनाच्या जोडीला प्रणय घालून विषयाचे गांभीर्य घालवले, अशी तक्रारही होईल. पण गोड शेवट हा मराठी लोकप्रिय कादंबरीने स्त्री-पुरुष प्रेमाला पिढ्यान् पिढ्या मुक्तहस्ताने दिलेला हक्क आहे. झुंजार संकटातून सुटून घरी परत येतो, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते आणि त्याच विश्वासावर तो पुस्तक हाती घेतो. मित्राच्या वाट्याला मृत्यू आला, तनयच्या वाट्याला रिकामी खोली, सिरस यांच्या वाट्याला बंद दार. यापुढे कुणी तरी घरी परत यायला हरकत नाही.

ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहून जुने, १८६४ चे. २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वाचनाची एवढी जुनी हौस असलेल्या या पट्ट्याला एक मराठी रहस्यकथा अजून मिळायची आहे. तिचा नायक डोंबिवलीचा असेल, सकाळची फास्ट पकडून कामाला जाईल, चतुर असेल, चुकेल, खुनी पकडेल. त्याचा जोडीदार पुरुष असेल आणि त्यात वाचकाला रहस्य वाटणार नाही. अशा कथेत खंडणीखोराने फोन करून 'घरी सांगेन' अशी धमकी दिली, तर नायकाची आई फोन हातात घेऊन म्हणेल की, आम्हाला ठाऊक आहे, तू तुझे नाव सांग.

त्या एका वाक्याने खंडणीखोराचा धंदा बुडतो. 'मर्डर इन माहिम'मधला बाप सारे शहर पालथे घालून ज्या दाराशी येऊन थांबतो, ते दार त्याच्या स्वतःच्या घराचे आहे. ते आतून उघडले, तरच फिर्यादी पोलीस ठाण्याची पायरी चढेल.